श्रोत्याचा वाटा : कुमारवाचक आणि कथेचे देणे

मिखाएल एन्डे यांच्या ‘दी उनएन्डलिखे गेशिख्टे’, म्हणजे ‘न संपणारी गोष्ट’ (१९७९), या जर्मन कादंबरीच्या मध्यावर एक विलक्षण प्रसंग येतो. बास्टियान हा दहा-अकरा वर्षांचा मुलगा शाळेच्या माळ्यावर लपून बसला आहे आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानातून चोरून आणलेला एक ग्रंथ वाचतो आहे. ग्रंथातील बालसम्राज्ञी मरणपंथाला लागली आहे. तिला नवे नाव मिळाले तरच ती आणि तिचे फान्टाझिएन हे राज्य वाचणार आहे. आणि ते नाव देण्याचे सामर्थ्य केवळ मनुष्यजातीत आहे. बास्टियानला नाव सुचलेले आहे, तरी तो ते उच्चारीत नाही. आपल्यासारखा स्थूल, भित्रा, वर्गात टिंगलीचा विषय झालेला मुलगा तिच्यापुढे कसा उभा राहणार, या लाजेने तो गप्प राहतो. तेव्हा सम्राज्ञी एका वृद्ध लेखनिकाकडे जाते. जे घडते ते तो लिहितो, आणि तो लिहितो ते घडते. ती त्याला कथा आरंभापासून सांगावयास लावते. दुकान, चोरी, माळा, ग्रंथ, सम्राज्ञी, लेखनिक आणि पुन्हा दुकान असे कथेचे चक्र सुरू होते. वाचक तोंड उघडीत नाही तोवर ते थांबणार नाही, आणि त्या चक्रात वाचक स्वतःही अडकलेला आहे.

हा प्रसंग कथनतंत्राची करामत म्हणून वाखाणला गेला आहे, आणि तो तसा आहेही. परंतु तंत्राच्या कौतुकात त्यातील नैतिक प्रश्न बाजूला पडतो. वाचकाचे मौन हा येथे अपराध ठरला आहे. ज्याने पुस्तक उघडले, ज्याचे मन पात्रांच्या दुःखात गुंतले, त्याच्यावर काही देणे चढते काय? मराठीतील कुमारवाङ्मयाच्या चर्चेत हा प्रश्न जवळजवळ विचारलाच गेलेला नाही. त्याची उलट बाजू मात्र वारंवार विचारली गेली आहे: कथा वाचकाला काय देते?

या उलट बाजूचा इतिहास जुना आहे. ‘मुक्तामाला’, ‘रत्नप्रभा’, ‘मंजुघोषा’ अशा अद्भुतरम्य कादंबऱ्यांची चलती असतानाच काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांचा नावल व नाटक यांविषयीचा निबंध १८७२ साली आला, आणि कल्पित कथेने वाचकाचे कोणते हित साधते ही कसोटी मराठी समीक्षेत रुजली. बालवाङ्मयाच्या बाबतीत तर ती जन्मापासूनच लागू होती. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘बाळमित्र’ आणि ‘इसपनीतिकथा’ ही १८२८ मधील पुस्तके शालेय गरजेतून निर्माण झाली. बोध हा त्यांच्या अस्तित्वाचाच आधार होता. पुढे ‘बोध’ या शब्दाची जागा ‘संस्कार’ या शब्दाने घेतली, त्याला विरोध म्हणून ‘निखळ रंजन’ हा पक्ष उभा राहिला आणि उभयतांचा वाद दीर्घकाळ चालला. वादाच्या दोन्ही बाजू एका गृहीतावर उभ्या होत्या, हे मात्र कोणाच्या ध्यानी आले नाही. मूल हे पात्र आहे आणि कथा त्यात ओतावयाचा पदार्थ आहे. काय ओतावे, एवढ्यापुरताच मतभेद!

जर्मनीतही हा वाद वेगळ्या शब्दांत झाला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तेथील पुरोगामी समीक्षेने मुलांच्या साहित्याकडून सामाजिक वास्तवाची मागणी केली आणि एन्डे यांच्या लेखनाला पलायनवादी ठरविले. एन्डे १९७० च्या सुमारास इटलीत जाऊन राहिले, त्यामागे या वातावरणाचा वाटा होता. त्याच काळात कोन्स्टान्झ विद्यापीठात वाचकनिष्ठ समीक्षेची मांडणी होत होती. हान्स रोबेर्ट याउस यांचे साहित्येतिहासावरील प्रसिद्ध व्याख्यान १९६७ चे, आणि वोल्फगांग ईझर यांचा वाचनक्रियेवरील ग्रंथ १९७६ चा. संहितेत जागा मोकळ्या असतात, त्या वाचक भरून काढतो आणि त्यातूनच कृती सिद्ध होते, हे ईझर यांचे प्रतिपादन आता पदव्युत्तर वर्गांत सर्वपरिचित आहे. एन्डे यांनी सिद्धान्त वाचून कादंबरी रचली असे सुचवावयाचे नाही. परंतु सिद्धान्त जेथे थांबतो तेथून कादंबरी पुढे जाते, हे महत्त्वाचे आहे. ईझर यांचा वाचक मोकळी जागा भरतो ती आकलनासाठी. बास्टियानने ती भरावयाची आहे ती कोणाचा तरी जीव वाचविण्यासाठी. ईझर यांच्या वाचकाने जागा रिकामी सोडली तर त्याचे वाचन अपुरे राहील. बास्टियानने सोडली तर त्याचे वर्तन दोषास्पद होईल.

भारतीय काव्यशास्त्राकडे वळावे तर तेथे सहृदयाला मोठा मान आहे, पण त्याच्यावर असले देणे नाही. साधारणीकरणात विभावादी व्यक्तिसंबंधांतून मुक्त होतात आणि रसिकही स्वतःच्या सुखदुःखांतून मुक्त होतो. स्वतःच्या सुखदुःखात गुरफटणे हे अभिनवगुप्तांनी रसविघ्नांतच मोजले आहे. या निकषावर बास्टियान हा अगदी वाईट रसिक ठरेल. आई वारलेली, वडील दुःखाने गोठून गेलेले, असे स्वतःचे ओझे घेऊनच तो वाचतो. अत्रेयू या शूर मुलात तो आपल्यात नसलेले सारे शोधतो. रसिकाचे स्वातंत्र्य ही लहान गोष्ट नव्हे, आणि वाचकाला ऋणको ठरविणाऱ्या कोणत्याही भूमिकेने त्या स्वातंत्र्याचा हिशेब दिला पाहिजे. मात्र शास्त्राने जे सांगितले नाही ते येथील कथापरंपरेने सांगितले आहे, आणि तेही पंडितांच्या सभेत नव्हे, घरच्या देवापुढे.

श्रावणातील आदित्यराणूबाईची कहाणी या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. गरीब ब्राह्मणाच्या दोन मुली, एक राजाला दिलेली, दुसरी प्रधानाला. ब्राह्मण भेटीस जातो आणि आधी माझी कहाणी ऐक म्हणतो. राजाची राणी म्हणते, वेळ नाही, राजा शिकारीला निघाला आहे. प्रधानाची बायको ऐकते. पुढे राणीला दारिद्र्य येते. येथवर कहाणी सरळ व्रतमाहात्म्याची आहे आणि न ऐकल्याची शिक्षा आधुनिक मनाला थोडी अरेरावीची वाटेल. परंतु उत्तरार्धात सांगणारी व्यक्ती बदलते. आता राणीच व्रत घेऊन परत निघाली आहे आणि कहाणी सांगितल्याखेरीज तिला अन्न घेता येत नाही. तिच्यापाशी सहा मोती आहेत. तीन ती स्वतःच्या हाती ठेवते, तीन ऐकणाऱ्याला देते. आणि ऐकणारा कसा हवा? उपाशी हवा. मोळीविक्या भेटतो, मळा न पिकणारा माळी भेटतो, मुले गमावलेली म्हातारी भेटते, शेवटी हातपाय नसलेला, नुसता मांसाचा गोळा असा एक जीव भेटतो. ऐकल्यावर प्रत्येकाचे गेलेले किंवा नसलेले त्याला मिळते.

ही वाटणी लक्षात घ्यावयास हवी. मोती अर्धे सांगणाऱ्याचे आणि अर्धे ऐकणाऱ्याचे. म्हणजे कथा कोणा एकाची मालमत्ता नाही. सांगणारी राणी असली तरी श्रोत्यावाचून ती उपाशी आहे, आणि श्रोता दरिद्री असला तरी त्याच्यावाचून कथा पुरी होत नाही. मोळीविक्याला प्रथम ऐकण्याची गरज वाटत नाही. पोटाची भ्रांत असताना कहाणी ऐकून काय होणार, ही त्याची शंका रास्तच आहे. कहाणी त्या शंकेला युक्तिवादाने उत्तर देत नाही. ती त्याच्या हाती मोती ठेवते. बोधवादी समीक्षेला या कथेत फक्त फलश्रुती दिसली, आणि फलश्रुती म्हणजे भाबडेपणा अशी सुधारकी समजूत असल्याने ती बाजूला टाकली गेली. श्रोत्याच्या हातातील मोती कोणी मोजले नाहीत.

याउलट वेताळपंचविशीत श्रोत्याची कोंडी आहे. छत्रे यांनी १८३० मध्ये मराठीत आणलेल्या या कथाचक्रात खांद्यावरचे प्रेत गोष्ट सांगते आणि शेवटी प्रश्न टाकते. राजाने उत्तर माहीत असून दडविले तर त्याचे मस्तक फुटावयाचे. उत्तर दिले तर मौन मोडले म्हणून वेताळ पुन्हा झाडावर. विक्रम आणि बास्टियान यांचे संकट एकाच जातीचे आहे: दोघांनाही उत्तर ठाऊक आहे आणि दोघांच्याही मौनाला किंमत आहे. फरक असा की विक्रमाकडून न्याय मागितला जातो, बास्टियानकडून नाव.

आणि ज्या ग्रंथाच्या नावावरून मराठीने एका संपूर्ण साहित्यप्रकाराला नाव दिले, त्या बाणभट्टाच्या ‘कादंबरी’त तर श्रोता हाच कथेचा गाभा आहे. शूद्रक राजापुढे एक चांडाळकन्या पोपट आणते. तो पोपट जाबाली ऋषींच्या तोंडून ऐकलेली कथा राजाला सांगतो. चंद्रापीड, वैशंपायन, महाश्वेता, कादंबरी यांची जन्मजन्मांतरीची कथा राजा ऐकतो. आणि बाणाच्या पुत्राने पुऱ्या केलेल्या उत्तरभागात उलगडते की चंद्रापीड म्हणजे तोच. ओळख पटताच शूद्रकाचा देह गळून पडतो आणि तिकडे कथेत चंद्रापीड जागा होतो. तेराशेहून अधिक वर्षांनंतर बास्टियानला आपले नाव हातातील पुस्तकात सापडते तेव्हा युरोपीय समीक्षक बोर्हेसचे आणि स्वच्छंदतावादी जर्मन परंपरेचे स्मरण करतात. मराठी वाचकाने इतके दूर जाण्याचे कारण नाही. त्याच्या भाषेत हा साहित्यप्रकारच त्या ओळखीच्या नावाने ओळखला जातो. अर्थात दोन्ही ग्रंथांतील भेद साम्याहून मोलाचा आहे. शूद्रक परत येत नाही. त्याचे राजेपण हेच शापाचे, उसने आयुष्य होते आणि कथा हे खरे. बास्टियानला मात्र परत यावेच लागते, आणि कादंबरीचा सारा उत्तरार्ध या परतीच्या दुष्करतेने व्यापला आहे.

हा उत्तरार्धच एन्डे यांच्या विचाराचे मर्म आहे, जरी चित्रपटामुळे जगाला पूर्वार्ध अधिक परिचित झाला. नाव उच्चारून बास्टियान कथेत शिरतो आणि त्याला इच्छेप्रमाणे निर्माण करण्याचा अधिकार मिळतो. प्रत्येक इच्छेगणिक तो स्वतःच्या मूळ आयुष्याची एक आठवण गमावतो. तो सुंदर होतो, शूर होतो, कथा रचतो, वाहवा मिळवितो. शेवटी मित्र असलेल्या अत्रेयूवरच शस्त्र चालवितो. जुन्या सम्राटांच्या नगरात त्याला त्याच्यासारखीच इतर माणसे भेटतात. साऱ्या आठवणी संपल्यावर त्यांना इच्छाही करता येत नाहीत. अक्षरांचे फासे टाकीत ती बसलेली असतात, कारण फासे अनंत काळ टाकले तर केव्हा तरी जगातील सर्व कथा त्यांतून पडतीलच. कथानिर्मितीच्या यांत्रिक कल्पनेवर इतकी निर्दय टीका विरळाच. ज्याच्यापाशी स्वतःचे काही उरलेले नाही त्याच्या हातून कथा घडत नाही, अक्षरे पडतात.

बास्टियान अखेरीस जीवनजलापाशी पोचतो तेव्हा त्याला एक अट कळते. फान्टाझिएनमध्ये त्याने ज्या ज्या कथा सुरू केल्या त्या पुऱ्या केल्या पाहिजेत. त्याने असंख्य सुरू केल्या आणि एकही पुरी केली नाही. हे देणे त्याच्या एकट्याने फिटणारे नाही. अत्रेयू ते स्वतःच्या शिरावर घेतो आणि मुलगा घरी जातो. म्हणजे वाचकाचे ऋण आहे, ते खरे आहे, आणि ते पात्राने फेडले! एन्डे यांच्या समीक्षकांनी या तडजोडीकडे पुरेसे पाहिलेले नाही. मनुष्याच्या मुलाला मुक्त करण्यासाठी कल्पित जगाने राबावे, ही व्यवस्था या कादंबरीत आरंभापासून आहे. फान्टाझिएनचे रहिवासी स्वतः नवे नाव देऊ शकत नाहीत, निर्मिती करू शकत नाहीत. बाहेरून येणाऱ्या मुलाची वाट पाहणे हेच त्यांचे प्राक्तन. कहाणीत मोती अर्धे वाटले जातात, तसे येथे होत नाही. एवढी उदार कादंबरी या ठिकाणी कमी पडते, असेच म्हणावे लागते.

कोर्नेलिया फुंके यांच्या ‘टिन्टेनहर्त्स’ (२००३) या कादंबरीने नेमके हेच शल्य हेरले आहे. तिची पुढील दोन पुस्तके २००५ आणि २००७ मध्ये आली. मो हा पुस्तकबांधणी करणारा कारागीर. तो मोठ्याने वाचू लागला की पुस्तकातील माणसे बाहेर येतात. पण हा व्यवहार एकेरी नाही. नऊ वर्षांपूर्वी त्याने एका रात्री ‘टिन्टेनहर्त्स’ याच नावाचे पुस्तक वाचले; काप्रिकॉर्न आणि बास्टा हे खलपुरुष आणि श्टाउबफिंगर हा अग्निक्रीडा करणारा बाहेर आले, आणि मोची पत्नी आत गेली. तेव्हापासून तो आपल्या मुलीला काहीही वाचून दाखवीत नाही. येथे वाचनाची किंमत वाचकाने मोजली आहे, पण त्याहून अधिक ती मोजली आहे श्टाउबफिंगरने. कोणी त्याला विचारले नव्हते. दुसऱ्याच्या सुरेल आवाजापायी तो घरादाराला मुकला आहे. मूळ पुस्तकात आपला मृत्यू लिहिलेला आहे हे कळूनही त्याला तेथेच परतायचे आहे. पात्राला स्वतःचे घर असते, वाचकाच्या आनंदासाठी त्याला तेथून उपटून आणणे हे अपहरण असू शकते, हा विचार एन्डे यांच्यापाशी नाही. पुढे दुष्टाचा नाश करण्यासाठी लेखक फेनोग्लियो नवा मजकूर लिहितो आणि मुलगी मेगी तो वाचू लागते. परंतु मारणारे शब्द तिला उच्चारवत नाहीत, ते बापाला वाचावे लागतात. वाचलेल्या शब्दाने कोणी मरणार असेल तर तो शब्द कोणाच्या तोंडून निघावा? बारा वर्षांच्या मुलीच्या निमित्ताने फुंके यांनी हा प्रश्न विचारला आहे आणि तो कुमारांपुरता नाही.

मोठ्याने वाचणे हे फुंके यांच्या कादंबरीत जादू आहे. महाराष्ट्रात ती परवापर्यंत नित्याची गोष्ट होती. पंचगंगेच्या खोऱ्यातील गावांत श्रावणात श्रीधराचा ‘हरिविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’ लावला जाई, एकाने ओवी म्हणावी आणि दुसऱ्याने अर्थ सांगावा अशी रीत होती. मालू नरहरीच्या ‘नवनाथ भक्तिसारा’त (१८१९) तर शेवटच्या, चाळिसाव्या अध्यायात कोणता अध्याय वाचल्याने काय साधते याची यादीच आहे. वाचलेला शब्द बाहेरच्या जगात परिणाम घडवितो, ही मोची शक्ती येथे प्रत्येक पोथीवाचकाच्या ठायी गृहीत धरलेली होती. तिला अंधश्रद्धा म्हणून निकालात काढणे सोपे आहे. पण त्या गृहीताबरोबर एक शिस्तही होती: सोवळे, वेळ, आरंभ केलेली पोथी मध्येच न सोडणे, समाप्तीचा प्रसाद सर्वांना वाटणे. बास्टियानला जीवनजलापाशी जी अट कळली ती पोथी लावणाऱ्याला पहिल्या दिवशीच ठाऊक असे.

कोल्हापूर शहर तर स्थळपुराणाच्या आत वसलेले आहे. व्युत्पत्तिशास्त्र काहीही सांगो, परंपरा असे सांगते की देवीच्या हातून मरताना कोल्हासुराने या स्थानाला आपले नाव मिळावे असा वर मागितला. पराभूताचे नाव विजयी देवतेच्या नगरीने धारण करावे, ही कल्पनाच मोठी आहे. नाव देणे म्हणजे जगू देणे हे एन्डे यांचे सूत्र येथे शत्रूलाही लागू झाले आहे. त्याच परंपरेतील त्र्यंबोलीची कथा अधिक बोलकी आहे. तिची रूपे एकाहून अधिक आहेत. प्रचलित रूपानुसार असुरांशी झालेल्या युद्धात साहाय्य केलेल्या त्र्यंबोलीचे विजयोत्सवात विस्मरण झाले आणि ती रुसून, पाठ फिरवून टेकडीवर जाऊन बसली. म्हणून दरवर्षी आश्विन शुद्ध पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर तिच्या भेटीला जाते, तेथे कुमारिकेच्या हस्ते कोहळा फोडला जातो आणि त्याचा तुकडा मिळावा म्हणून भाविकांची झुंबड उडते. कथेत एकदा झालेली चूक श्रोत्यांनी वर्षानुवर्षे दुरुस्त करीत राहावी, असे हे विधान आहे. जिचा विसर पडला तिच्याकडे संपूर्ण नगर चालत जाते. कथेचे देणे फेडण्याचा याहून स्पष्ट प्रकार कोणत्या कादंबरीत सापडेल?

परंतु हे सारे सामूहिक आहे, आणि मुद्रित पुस्तक वाचणारा कुमार एकटा असतो. करवीर नगर वाचन मंदिरासारखी १८५० पासूनची ग्रंथालये या एकट्या वाचकासाठी उभी राहिली, आणि त्याने वाचले काय हेही पाहण्यासारखे आहे. मराठीत फुंके किंवा एन्डे यांच्या जातीची कुमारांसाठीची विस्तृत अद्भुत कादंबरी फारशी रुजली नाही, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हा साहसी असला तरी वास्तव जगातला. बालवाङ्मयाच्या कपाटातून बाहेर पडणारा चौदा-पंधरा वर्षांचा वाचक थेट महाभारतावरील कादंबऱ्यांपाशी येतो. त्यांतील प्रमुख कादंबऱ्या कोल्हापूरशी जोडलेल्या आहेत. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ (१९५९) हे शिरोड्याहून येऊन कोल्हापुरात स्थायिक झालेल्या लेखकाचे लेखन. ‘मृत्युंजय’ (१९६७) लिहिणारे आजऱ्याचे शिवाजी सावंत तेव्हा कोल्हापुरात शिक्षक होते. कोवाडच्या रणजित देसाईंचा ‘राधेय’ १९७३ चा. मराठी कुमारांचा अद्भुतलोक हा असा उसना, प्रौढांकडून मागून आणलेला आहे, आणि त्यात काही कमीपणा नाही. पण या वाचनात वाचकाचे कथेशी नाते कोणते असते?

ते बहुधा पक्षपाताचे असते. ‘मृत्युंजय’ वाचलेला मुलगा कर्णाचा होतो. अन्याय झालेल्या, ओळख नाकारल्या गेलेल्या वीरात तो स्वतःला पाहतो, जसा बास्टियान अत्रेयूत पाहतो. ही ओळख खरी असते आणि ती कित्येकांच्या आयुष्यात पहिलीच वाङ्मयीन ओळख असते. तिची थट्टा करणारी समीक्षा वाचकाला ओळखतच नाही. तरीही व्यासांच्या सभापर्वात द्रौपदीच्या विटंबनेला शब्दांचे बळ देणाऱ्यांत कर्ण आहे. सावंतांच्या कादंबरीत सहा निवेदक आहेत: कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण. द्रौपदी त्यांत नाही. सभेतला तो दिवस तिच्या निवेदनातून वाचकापुढे येत नाही. कर्णासाठी रडलेल्या वाचकाच्या हातात अर्धे मोती आहेत. उरलेले अर्धे कोणाचे, हे विचारण्याची सवय त्याला ना शाळेने लावली, ना समीक्षेने. कर्णाविषयीचे त्याचे प्रेम कमी व्हावे असा याचा अर्थ नव्हे. प्रेमाबरोबर आलेले देणे त्याने ओळखावे, एवढाच आहे. त्र्यंबोलीच्या टेकडीकडे पालखी निघते ती विजयाचा आनंद मावळला म्हणून नव्हे.

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. वाचकाला देणेकरी ठरविणे म्हणजे जुना ‘संस्कार’च मागच्या दाराने आणणे नव्हे काय? भेद असा की संस्काराला फळ आधीच ठाऊक असते. कोणती कथा वाचल्याने मूल सत्यवचनी होईल आणि कोणती वाचल्याने मातृभक्त, याचा हिशेब लेखकापाशी तयार असतो. वाचक त्यात फक्त उतरावयाचा. देण्याच्या कल्पनेत वाचक चुकू शकतो, आणि त्याच्या चुकण्याला अर्थ असतो. जुन्या सम्राटांच्या नगरात फासे टाकणारी माणसेही वाचकच होती. आदित्यराणूबाईच्या कहाणीतील राणीला वेळ नव्हता. ज्या कथेत न ऐकण्याची शक्यता खरी आहे, त्याच कथेत ऐकण्याला मोल आहे. रसिकाचे स्वातंत्र्य येथे नष्ट होत नाही. उलट त्याचा उपयोग करण्याची पाळी त्याच्यावर येते.

एन्डे यांनी या संदर्भात आणखी एक गोष्ट सांगितली आहे, आणि महाराष्ट्रात ती विशेष काळजीपूर्वक वाचावयास हवी. फान्टाझिएनला गिळणाऱ्या शून्यात जे प्राणी पडतात ते नाहीसे होत नाहीत. ते मनुष्यांच्या जगात असत्य होऊन अवतरतात. ग्मोर्क हा वृकमानव अत्रेयूला हे समजावून सांगतो: अशा असत्यांच्या बळावर माणसांवर सत्ता गाजविता येते. म्हणजे कथा मेली तर सत्य उरत नाही, भ्रम उरतो. ऐतिहासिक कादंबरीतील संवाद भाषणांत पुरावा म्हणून उद्धृत व्हावेत, कल्पित प्रसंगावरून माणसे इतिहासाचा निवाडा करू लागावीत, हे अनुभव मराठी समाजाला नवीन नाहीत. त्यावर नेहमी सुचविला जाणारा उपाय कथेचे महत्त्व कमी करण्याचा असतो. एन्डे यांचे निदान उलट आहे. कथा कथा म्हणून पुरेशी वाचली गेली नाही, तिच्या जगात कोणी श्रोता होऊन गेला नाही, म्हणून ती बाहेर येऊन खोटे बोलू लागली. ‘छावा’ (१९७९) किंवा ‘श्रीमान योगी’ (१९६८) कादंबरी म्हणून वाचणारा वाचक निवेदकाला प्रश्न विचारतो: हे कोण सांगते, कोणाला सांगते, आणि कोणाचे सांगणे राहून गेले? इतिहास म्हणून वाचणारा फक्त टाळ्या वाजवितो.

राहून गेलेल्यांत एक जण कुमारवाचकाच्या अगदी जवळचा आहे. खांडेकरांच्या ‘ययाति’त तीन निवेदक आहेत: ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा. भोगलोलुप बाप बोलतो, मानी राणी बोलते, उपेक्षिता बोलते. ज्याचे यौवन मागितले गेले आणि ज्याने ते दिले, तो पुरू बोलत नाही. वाचक सोळा वर्षांचा असतो तेव्हा त्याचे वय पुरूचे असते, ययातीचे नव्हे. तरी कामवासनेविषयीचे, तृप्तीविषयीचे सारे चिंतन तो बापाच्या तोंडून ऐकतो आणि परीक्षेत बापाच्याच व्यक्तिरेखेवर उत्तर लिहितो. वडिलांनी आपले तारुण्य मागावे आणि आपण हो म्हणावे, त्या क्षणी मुलाच्या मनात काय होते? एका क्षणात केस पिकताना त्याला आरशात कोण दिसले? कादंबरीच्या अखेरीस यौवन त्याला परत मिळते, आणि ते परत घेताना त्याने बापाकडे कसे पाहिले हे पुरूच्या शब्दांत कोठेच आलेले नाही. माळ्यावर बसलेल्या मुलापाशी नाव तयार होते, तसे या प्रश्नाचे उत्तर ‘ययाति’च्या सोळा वर्षांच्या वाचकापाशी बहुधा तयार असते. ते त्याला अद्याप कोणी विचारलेले नाही.